झाकण उघडण्याआधी

संध्याकाळची लॅपटॉपवरची मीटिंग संपवून मी मागच्या खोलीतून बाहेर आले की आप्पांचा एकच प्रश्न असायचा, "उघडलं काय गं झाकण?" मी म्हणायची, "नाही." ते म्हणायचे, "उघडू नका. घाई न्हाय." आणि पुन्हा पेपरात डोकं घालायचे. वडील-लेकीचा हा संवाद आमच्या घरात इतकी वर्षं चालला की शेजारच्या काकूंना वाटायचं, मागच्या खोलीत काहीतरी शिजतंय. एकदा त्यांनी आईला विचारलंच, "पोरगी आत लोणची-बिणची घालती काय?" आई म्हणाली, "तसंच काहीतरी. मुरतंय अजून."

मी काय करते हे लोकांना समजावून सांगणं हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात कंटाळवाणा उद्योग आहे. कोल्हापुरात एका कॉलेजात फिजिक्स शिकवते, इथपर्यंत सगळ्यांना कळतं. पुढचं सांगायला लागले की समोरचा माणूस घड्याळ बघतो. तरी सांगते, कारण त्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. युरोपात जमिनीखाली एक मोठा गोल बोगदा आहे. त्यात प्रोटॉन एकमेकांवर आपटवतात. त्या टकरींच्या नोंदी जगभरच्या गटांना घरबसल्या मिळतात, आणि आमचा छोटा गट त्यात एकच गोष्ट शोधतो. टकरीतून कधी एखादा जड, आजवर कुणी न पाहिलेला कण जन्मला, तर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत, खरं तर त्याच्याही कितीतरी आधी, फुटून जातो. जाताना एका बाजूला फोटॉन म्हणजे प्रकाशाचा एक कण फेकतो आणि दुसऱ्या बाजूला इतर कणांचा झोत. दोन्हींची ऊर्जा आणि दिशा जुळवली की गेलेल्याचं वजन काढता येतं. असं असंख्य टकरींचं करायचं आणि आलेख काढायचा. आलेख डावीकडून उजवीकडे गुळगुळीत घसरत जातो, कारण बहुतेक फोटॉन मामुली कारणांनीच आलेले असतात. त्या घसरणीवर कुठे टेंगूळ दिसलं, तर तिथे काहीतरी नवं आहे.

टेंगूळ हा शब्द आप्पांचा. मी उंचवटा म्हणायची. आप्पा म्हणाले, "उंचवटा रस्त्यावर असतोय. हे टेंगूळच. गुळगुळीत टकलावर आल्यागत." त्यांनी हात स्वतःच्या डोक्यावरून फिरवून दाखवला आणि त्या दिवसापासून आमच्या गटातली कोल्हापुरी शाखा, म्हणजे मी आणि माझा बाप, टेंगूळच म्हणू लागली.

आप्पांनी जन्मभर गारगोटीला अकरावी-बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवलं. त्यांचा सगळा राग एका प्रयोगावर होता. लंबक हलवायचा, त्याचा वेळ मोजायचा आणि त्यावरून पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण काढायचं. उत्तर पुस्तकात छापलेलं, नऊ पॉइंट आठ. झालं! सगळ्या पोरांचं उत्तर नऊ पॉइंट आठ. दोरा वेडावाकडा बांधलेल्याचं तेच, घड्याळ बंद पडलेल्याचंही तेच. एका वर्षी तर लंबकाचा गोळाच हरवला होता आणि अख्ख्या बॅचचं उत्तर नऊ पॉइंट आठ आलं. "लेकानो, गोळा न्हवता तर हलवलं काय? स्वतःची मुंडकी?" हा किस्सा आप्पांनी किती वेळा सांगितला असेल त्याला गणती नाही. हसून सांगायचे, पण शेवटी आवाज बसायचा. उत्तर माहीत असलेला माणूस प्रामाणिक मोजमाप करूच शकत नाही, हे त्यांचं जन्माचं दुखणं होतं.

म्हणून मी जेव्हा त्यांना आमच्या कामाची रीत सांगितली, तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठलेच. आमच्याकडे आलेखाचा जो महत्त्वाचा भाग, तोच झाकून ठेवतात. आपला आपल्यालाही दिसत नाही. बाकीच्या निरस भागावर आणि संगणकाने रचलेल्या खोट्या टकरींवर आधी सगळं ठरवायचं. खरा फोटॉन कुठला आणि फोटॉनाचं सोंग घेतलेला कुठला, हे गाळायच्या चाळण्या किती बारीक ठेवायच्या, किती मोठं टेंगूळ दिसलं तर शोध म्हणायचं आणि किती लहान असलं तर गप्प बसायचं, सगळं आधी. मग मोठमोठे लोक ते उलटंपालटं करून तपासतात, तुमचा जीव खातात, आणि पटलं तर झाकण उघडायची परवानगी देतात. एकदा उघडलं की चाळणीला हात लावायचा नाही. जे दिसेल ते दिसेल. नंतर चाळण बदललीत, तर तुमच्या निकालाला कुत्रं विचारत नाही.

"कुणाच्या डोक्यातनं आलं गं हे?" आप्पांनी विचारलं.

"कुणा एकाच्या नाही. फसत फसत शिकले लोक."

"गारगोटीत मला हे कुणीतरी सांगायला पायजे होतं," ते म्हणाले. पुढे आठवडाभर त्यांनी घरातल्या प्रत्येक गोष्टीला ही रीत लावली. आमटीत मीठ आहे की नाही हे चाखायच्या आधी ठरवायचं, की कमी असलं तर वरून घ्यायचं, पण आईला बोलायचं नाही. आई म्हणाली, रिटायर झालेल्या मास्तरला घरात ठेवण्यापेक्षा म्हैस पाळलेली परवडली.

तेव्हा हे सगळं हसण्यावारी होतं.

आप्पांना भाकरी अडकू लागली, हे आम्हाला फार उशिरा कळलं. घासागणिक पाणी पीत होते आणि विचारलं तर म्हणत होते, तिखट झालंय. कोल्हापूरच्या माणसाने तिखट झालंय म्हणावं, इथेच आम्हाला शंका यायला हवी होती. मग भाकरी सोडून भात, भात सोडून खिचडी, खिचडीचं पाणी. नळी घालून तपासलं तेव्हा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला गाठ निघाली. तुकडा काढून पाहिला. कॅन्सर. डॉक्टरांनी नीट समजावलं. गाठ तेवढ्याच जागी असेल तर ऑपरेशनने निघू शकते. दुसरीकडे पसरली असेल तर ऑपरेशनला अर्थ नाही, मग औषधं, म्हणजे केमो. पसरली आहे की नाही ते पेट स्कॅनवर दिसेल.

स्कॅनच्या आधीच्या रविवारी आईचा भाऊ, माझा मामा, गडमुडशिंगीहून आला होता. मामाच्या म्हशी आहेत आणि जगातल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे दूध हे उत्तर आहे. जेवणं झाल्यावर आप्पांनी आम्हा सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं. शाळेत तास सुरू करायच्या आधी घसा साफ करायचे तसा केला.

"स्कॅनच्या आधी ठरवायचं," ते म्हणाले. "गाठ एकाच जागी असंल, तर ऑपरेशन. डॉक्टर म्हणंल तिथं, म्हणंल तसं, मी कुरकुर करणार न्हाय. लिव्हरमध्ये गेलं असंल, तर काय करायचं न्हाय. ते औषध न्हाय, सलाइन न्हाय. घरी ऱ्हायाचं. आणि निकाल बघितल्यावर कुणी रडून-भेकून चाळण बदलायची न्हाय."

"दाजी, हे काय तुमच्या कॉलेजचं प्रॅक्टिकल हाय व्हय?" मामा म्हणाला.

"प्रॅक्टिकलच हाय की."

त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं. माझ्या थोरल्या काकांचा शेवट त्यांनी जवळून बघितला होता. औषधांनी तोंड आलेलं, हाताला सुई टोचायला जागा उरली नव्हती, आणि घरी न्या घरी न्या म्हणत दवाखान्यातच गेले. आप्पा रोज एसटीने गारगोटीहून कोल्हापूरला यायचे, रात्री भावाच्या उशाशी बसायचे आणि पहाटे परत शाळेला. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. त्या रविवारीही बोलले नाहीत. फक्त एकेकाकडे बोट करून विचारलं, "मान्य?"

मामा म्हणाला, "तुम्ही म्हणाल ते." आई उठून आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली. माझ्याकडे बोट आलं तेव्हा मी म्हणाले, "मान्य." आणि वर थोडी हसलेही, कारण मला आत कुठेतरी अभिमान वाटत होता. माझ्या धंद्यातली रीत माझ्या बापाने अशी पोटात घेतली होती. शिवाय मला खात्री होती की पसरलेलं नसणार. आप्पा चालत होते, बोलत होते, लंबकाचा किस्सा सांगत होते. झाकण बंद असतं तोवर नियम मान्य करायला काहीच जात नाही.

पहिल्या दिवशी स्कॅन झालाच नाही. उपाशीपोटी यायला सांगितलं होतं. साखर तर अजिबात चालत नाही, कारण सगळा खेळच साखरेवर असतो. मामा गाडी घेऊन न्यायला आला आणि मी कागदपत्रं शोधत होते तेवढ्यात त्याने आपलं काम उरकलं. स्कॅन सेंटरवरच्या मुलाने विचारलं, "आजोबांनी सकाळपासून काही घेतलंय का?" मामा छाती काढून म्हणाला, "तांब्याभर धारोष्ण दूध पाजलंय, पावणं. साखर घालून. तुम्ही काळजीच करू नका." त्या मुलाने आमच्याकडे बघितलं आणि उद्याची वेळ दिली. येताना गाडीत मी मामाला इतकं बोलले की शेवटी आप्पाच म्हणाले, "आगं, ऱ्हाऊ दे. गिळता आलं ते गोड लागलं."

दुसऱ्या दिवशी वाटेत मी त्यांना यंत्र कसं चालतं ते सांगितलं. साखरेला किरणोत्सारी चिठ्ठी लावून ती शिरेतून देतात. कॅन्सरच्या पेशी हावरट, त्या जास्त साखर खातात. चिठ्ठीतून एक उलट्या जातीचा इलेक्ट्रॉन निघतो, त्याला साधा इलेक्ट्रॉन भेटला की दोघंही नाहीसे होतात आणि बरोबर विरुद्ध दिशांना दोन फोटॉन सुटतात. भोवतालचं कडं ते दोन्ही पकडतं आणि ते कुठून निघाले ते सांगतं.

"म्हणजे तुझंच काम," आप्पा म्हणाले.

"माझे फोटॉन फार दांडगे असतात. त्यांच्यापुढे हे अगदीच किरकोळ."

"असू देत. फोटॉन त्यो फोटॉन." ते खूश होते. खरंच खूश होते. आत गेल्यावर त्या मुलाला त्यांनी विचारलं, "तुमच्याकडं खोटे फोटॉन कसं गाळता?" मुलगा म्हणाला, "आजोबा, हात डोक्याच्या वर घ्या आणि हलू नका."

निकाल डॉक्टरांनी पडद्यावर दाखवला. राखाडी माणसाची आकृती, त्यात उजळ जागा. मेंदू उजळ असतो, मूत्राशय उजळ असतं, ते घाबरायचं नाही, असं ते सांगत होते. मग अन्ननलिकेतला ठिपका. मग त्यांनी पेन खाली सरकवला. यकृतात उजळ ठिपके होते. एक नव्हता, बरेच होते. मला ते कुणी दाखवायची गरज नव्हती. गुळगुळीत जागेवर आलेलं टेंगूळ ओळखण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत.

तरी मी भांडले. हे सूज असल्यामुळे दिसू शकतं ना? जंतुसंसर्गाने? यंत्राची चूक किती असते? पुन्हा केला तर? डॉक्टर शांतपणे ऐकत होते. बाकीच्या तपासण्याही तेच सांगतात, म्हणाले. केमो देता येईल. त्रास होईल, थोडा काळ मिळेल कदाचित, सगळ्यांना मिळतो असं नाही. लवकर ठरवा.

"ठरलंय," आप्पा म्हणाले. चष्मा काढून खिशात ठेवला, डॉक्टरांना नमस्कार केला आणि उठले.

गाडी लावली होती तिथे, भर उन्हात, आमचं भांडण झालं. मामा गाडीचं दार धरून उभा होता आणि कुणाकडे बघावं ते त्याला कळत नव्हतं. मी म्हणाले, "आप्पा, तुम्ही माणूस आहात. माझा आलेख नाही."

"मग नियम काय आवडत्या उत्तरापुरता असतोय व्हय?"

"खड्ड्यात गेला नियम!"

"तुझ्या तोंडात हे शोभत न्हाय," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यभर या माणसाने मला खरं बोलायला शिकवलं, खरं मोजायला शिकवलं, आणि आता ते सगळं भिंतीसारखं माझ्याच समोर उभं करून तो पलीकडे जाऊन बसला होता. माझा एकही मुद्दा त्यांना नवा नव्हता. मी तोंड उघडायच्या आधी त्यांना माझं पुढचं वाक्य ठाऊक असायचं, कारण ती वाक्यं मीच रोज संध्याकाळी चहाबरोबर त्यांना पुरवली होती.

घरी आई वाट बघत होती. तिला सांगावं लागलं नाही. आमची तोंडं बघूनच तिने ओळखलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुझं ते शास्त्र गेलं चुलीत. तूच भरवलंस न्हवं हे त्येंच्या डोक्यात?" मी स्कॅनची फाइल कपाटात टाकली.

पुढचे दिवस मी सगळं करून पाहिलं. गोडीत घेतलं, धमकावलं, अबोला धरला. दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतली, आप्पा यायला तयार झाले नाहीत. मामाने गगनबावड्याकडच्या कुणा वैद्याचं औषध आणलं, ते त्यांनी मामाचं मन राखायला घेतलं आणि ओकून टाकलं. आई नुसती येता-जाता त्यांच्या खांद्याला हात लावायची. आम्ही तीन धडधाकट माणसं होतो आणि चौथ्यासाठी आम्हाला काहीही करता येत नव्हतं. मी सकाळी कॉलेजात जाऊन पोरांना लंबक शिकवत होते आणि घरी येऊन पातेल्यात पेज ढवळत होते.

त्यातच झाकण उघडायची परवानगी आली.

इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट, आणि मला तिचं काही वाटेना. संध्याकाळी मागच्या खोलीत बसले. पडद्यावर गटातली सगळी तोंडं. आमच्या गटाच्या प्रमुख बाईंनी प्रोग्रॅम चालवला. मधला झाकलेला भाग भरला गेला. ठिपके ठरलेल्या रेषेवरून खाली घसरत गेले, जसे कुठलाही नवा कण नसताना घसरावेत तसे. एका जागी दोन-तीन ठिपके रेषेच्या किंचित वर होते. सगळे पडद्याकडे वाकले. मग प्रमुख बाई म्हणाल्या की हे नेहमीच्या हेलकाव्यातलंच आहे, आणि ते खरं होतं. मला ठाऊक होतं, फोटॉनाची एक चाळण जरा बारीक केली असती तर ते ठिपके आणखी वर दिसले असते. ती चाळण कुठली तेही ठाऊक होतं. पण आता तिला हात लावता येणार नव्हता. कुणी रडलं नाही, कुणी काही फोडलं नाही. सापडलं नाही. आता हेच नीट लिहायचं, असं ठरलं आणि मीटिंग संपली.

मी लॅपटॉप घेऊन बाहेर आले. आप्पांची कॉट आता बाहेरच्या खोलीत होती. त्यांनी नेहमीचं विचारलं आणि मी पहिल्यांदाच म्हणाले, "उघडलं."

ते उठून बसायचा प्रयत्न करू लागले. मी पाठीला उशी दिली आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

"बाहेरच्याला दाखवायचं नसतंय न्हवं?"

"तुम्ही बाहेरचे आहात होय?"

चष्मा लावून त्यांनी आलेखावरून बोट फिरवलं, काचेला न लावता, शाळेत नकाशावरून फिरवायचे तसं. त्या जागेवर बोट थांबलं. "हितं जरा टेंगूळ हाय."

"नाही आप्पा. ते असंच आहे."

त्यांनी पुन्हा बघितलं. "व्हय," म्हणाले. "सपाटच हाय." मग माझ्याकडे वळले. "मग सपाट लिवा. एवढ्या जागेत न्हाय हे तर कळलं. पुढच्याला तेवढी जागा कमी." मी मान हलवली आणि लॅपटॉप मिटला आणि तिथेच कॉटच्या कडेला बसून रडले. ते माझ्या पाठीवर थोपटत होते. त्यांना वाटलं असेल, मी त्या कणासाठी रडते आहे. मी तसं वाटू दिलं.

थंडी पडली. कारखाने सुरू झाले, रस्त्यावरून उसाच्या ट्रॉल्या धावायला लागल्या. आप्पा वाळत गेले. दिवसभर पडून असायचे, आणि पेज पुढे केली की मान फिरवायचे. आईने विनवण्या करून पाहिल्या, मग तिनेही विनवणं सोडलं. वाटी भरून आणायची, जरा वेळ धरून बसायची आणि तशीच परत न्यायची. वेदनेचं औषध चालू होतं, त्यासाठी मधूनमधून रक्त तपासायला नेत. ते कण्हत नसत. नियमाप्रमाणे सगळं चाललं होतं. आणि मी त्यांचा राग राग करत होते. इतकं शहाणं असायला कुणी सांगितलं होतं?

एका दुपारी आई मागे धुणं वाळत घालत होती. मी कॉटशेजारी वह्या तपासत होते. आप्पा जागे आहेत हे मला माहीत नव्हतं.

"ते औषध," ते म्हणाले. आवाज इतका बारीक की मला वाकावं लागलं. "डॉक्टर म्हणत होता ते. आजून देतात काय गं?"

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, छताकडे बघत होते. पांघरुणाचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं. जन्मात मी त्यांना कशाला घाबरलेलं बघितलं नव्हतं.

खरं सांगते, आधी मला आनंद झाला. बदलला, म्हटलं, बदलला एकदाचा! "विचारते," म्हणाले आणि फोन घेऊन अनवाणीच बाहेर पायरीवर धावले. डॉक्टरांनी फोन उचलला तेव्हाच नेमकी रस्त्यावरून उसाची ट्रॉली आली, कानठळ्या बसवणारी गाणी लावून. मला काही ऐकू येईना. "थांबा डॉक्टर, थांबा, ठेवू नका," मी ओरडत होते. ट्रॉली गेली. मी सगळं सांगितलं.

ते मग म्हणाले, कालच्या रक्ताचे रिपोर्ट त्यांनी बघितले आहेत. यकृत आता औषध सोसणार नाही. आता दिलं, तर औषधानेच जातील. मी विचारलं, थोडंसं? अगदी कमी? ते म्हणाले, "नाही हो." मी ज्यांची वेळ घेतली होती त्या दुसऱ्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनीही तिथल्या तिथे मोबाइलवर रिपोर्ट मागवून बघितले आणि तेच सांगितलं.

मी पायरीवर उभी राहिले. आमच्या कामात नाही हे उत्तर मानाचं आहे. नाही सापडलं, यावर आम्ही पानंच्या पानं लिहितो, जगभरच्या लोकांसमोर उभं राहून सांगतो आणि लोक टाळ्या वाजवतात. पायरीपासून कॉटपर्यंत मोजून चार पावलं असतील. तेवढं अंतर ते नाही घेऊन जाणं मला जमेना.

आत गेले तर आप्पा उठून बसले होते. आपले आपण. कोपर टेकून, उशीला पाठ लावून. चष्मा लावला होता.

"काय म्हणाला?"

"देऊ म्हणाले," मी म्हणाले. "जरा ताकद येऊ द्या म्हणाले अंगात. मग सुरू करू."

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मला वाटलं, पकडणार. गोळा नसताना नऊ पॉइंट आठ लिहिणाऱ्या किती पोरांना त्यांनी नुसत्या तोंडावरून पकडलं होतं. पण त्यांनी मान डोलावली.

"बराबर हाय त्येचं," म्हणाले. मग त्यांनी आईला हाक मारली. आई ओल्या हातांनी धावत आली, तिला वाटलं काय झालं.

"जरा पेज आण गं," आप्पा म्हणाले. "पातळच आण, पण वाटीभर आण."

आईने माझ्याकडे बघितलं. किती दिवसांत तिचं तोंड असं उजळलं नव्हतं. "आणतो की," म्हणाली, "लगेच आणतो," आणि आत पळाली. पेज आली. ती चमच्याने भरवायला लागली तर त्यांनी वाटी स्वतःच्या हातात घेतली. एकेक घोट खाली उतरायला वेळ लागत होता. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पांघरुणाने पुसत होते आणि पुन्हा वाटी तोंडाला लावत होते. आई माझ्या दंडाला धरून उभी होती आणि हळूच म्हणत होती, बघ, घेतायत, बघ. वाटी संपल्यावर त्यांनी ती आईपुढे धरली आणि विचारलं, "आजून हाय?"